मोटरीची दिशा

१९८८ सालच्या मार्च महिन्यात माझ्या हातून एका शेतकऱ्याचे नुकसान झाले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. बारावीला गणितात नापास होऊन तासगावात मामांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात बसू लागलो होतो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली. एका भिंतीशी तांब्याच्या तारेची रिळे, दुसऱ्या भिंतीशी वार्निशचा डबा, मध्ये तेलाने काळा पडलेला लाकडी बाक आणि त्यावर टेस्टिंगचा बोर्ड.

जवळच्या गावातले एक शेतकरी त्यांची एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर घेऊन आले. दुकानात सगळे त्यांना अण्णा म्हणत. आडावरच्या पंपाला जोडलेली ही मोटर जळली होती. मामांनी ती माझ्याकडे दिली. जुनी तार काढण्यापासून वार्निश पाजण्यापर्यंत सगळे मी एकट्याने केलेली ती पहिली मोटर. मामांनी एवढेच बजावले होते, "दिशा बघून घे. घड्याळासारखी पाहिजे." मी बाकावर मोटर चालवली, घड्याळासारखी फिरते आहे हे पाहिले आणि चिठ्ठी बांधून दिली.

आठ दिवसांनी निरोप आला, की पाणी येते, पण धार बारीक आहे. दरम्यान अण्णांनी आधी फूटव्हॉल्व्ह बदलला होता. मग आडाला पाणी कमी झाले असेल म्हणून चार माणसे लावून दोन दिवस गाळ काढला होता. धार तशीच. मिरचीचा तुकडा फुलावर होता आणि उन्हे तापू लागली होती. मामा मला लुनावर मागे बसवून मळ्यात घेऊन गेले. त्यांनी मोटर चालू केली, लगेच बंद केली आणि थांबता थांबता शाफ्ट कुठल्या बाजूला फिरतो ते पाहिले. मग टर्मिनलचे झाकण काढून दोन तारांची अदलाबदल केली. पाच मिनिटेही लागली नाहीत. पुन्हा बटण दाबले तेव्हा पाट भरून पाणी वाहू लागले.

अण्णा रागावले नाहीत. "चला, आडाचा गाळ तरी निघाला," एवढेच म्हणाले. पण मिरचीने फुले टाकली होती आणि गाळ काढणाऱ्यांची मजुरी त्यांनी उसनवारीने दिली होती, हे मला नंतर कळले. परतताना मामा म्हणाले, "मोटरीला सोताची दिशा नसती. आपुन द्यावी लागती." पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

घड्याळासारखी फिरणारी मोटर मी डोळ्यांनी पाहिली होती. मग ती उलटी कशी झाली? आणि ज्या यंत्राला वीज दिली की ते फिरतेच, त्याला दिशा नसते म्हणजे काय? या दोन प्रश्नांच्या मागे मी पुढची अनेक वर्षे राहिलो. इंजिनिअरिंग मी शिकलेलो नाही. जुन्या बाजारातली पाठ्यपुस्तके, ग्रंथालयांतली कपाटे आणि अलीकडे उपलब्ध झालेल्या जुन्या पेटंटांच्या प्रती एवढ्या बळावर जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

*

फिरणाऱ्या चुंबकत्वाची गोष्ट मोटरीच्या आधी सुरू होते. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वा आरागो याने दाखवून दिले, की तांब्याची तबकडी फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबे हे काही चुंबकाला चिकटणारे नव्हे. तरी सुई फिरते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल यांनी प्रयोग उलटा केला. चुंबक फिरवला, तर त्याच्यावरची तांब्याची तबकडी फिरू लागली. हा बॅबेज म्हणजे गणनयंत्रांचा आराखडा करणारा तोच, आणि हर्शेल म्हणजे खगोलशास्त्रज्ञ.

हे का घडते याचा उलगडा १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला तेव्हा झाला. हलत्या चुंबकामुळे तांब्यात प्रवाह निर्माण होतात, आणि हे प्रवाह त्या चुंबकाच्या मागे जाऊ पाहतात. आजच्या मोटरीतल्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते, तरी तो फिरतो, तो याच कारणाने. त्याला स्वतःची वीज नसते. समोरचे चुंबकत्व ज्या दिशेला जाईल त्या दिशेला तो जातो.

मग प्रश्न उरला एवढाच, की चुंबक हाताने न फिरवता चुंबकत्व कसे फिरवायचे? १८७९ च्या जून महिन्यात लंडनच्या फिजिकल सोसायटीत वॉल्टर बेली याने चार विद्युतचुंबक चौकोनात उभे करून त्यांच्यावर तांब्याची तबकडी टांगली. हाताने फिरवायच्या एका स्विचने तो चुंबकांतले प्रवाह ठरावीक क्रमाने बदलत गेला. चुंबक जागचे हलले नाहीत, पण चुंबकत्व एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेले आणि तबकडी फिरली. क्रम उलटा केला की तबकडीही उलटी जाणार. दिशा लोखंडात नव्हती, तांब्यातही नव्हती. कुठला चुंबक आधी आणि कुठला नंतर, या क्रमात ती होती. मामांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला इथे सापडला.

*

बेलीच्या हाताचे काम विजेकडूनच करून घेण्याचा मार्ग दोन माणसांना वेगवेगळ्या वाटांनी सापडला. इटलीतल्या तुरिनचे प्राध्यापक गॅलिलेओ फेरारिस यांना तो प्रकाशशास्त्रातून सुचला. प्रकाशाची एकमेकींना काटकोनात असलेली दोन कंपने थोड्या आगेमागे झाली, की त्यांच्या मेळातून वर्तुळाकार गती तयार होते. मग दोन वेटोळी काटकोनात ठेवून त्यांतले प्रत्यावर्ती प्रवाह आगेमागे केले तर चुंबकत्वही असेच गोल फिरेल, हे त्यांनी ओळखले. १८८५ मध्ये त्यांनी तसे यंत्र बनवून पाहिले. १८ मार्च १८८८ रोजी तुरिनच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी आपला निबंध ठेवला.

निकोला टेस्लाची वाट वेगळी. ग्राट्समध्ये शिकत असताना त्याने एकदिश प्रवाहाच्या यंत्रातल्या ब्रशांमधून उडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या आणि ब्रशाशिवाय मोटर करता येईल का, या विचाराने त्याला पछाडले. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना उत्तर सापडले. १ मे १८८८ रोजी त्याला अमेरिकेत पेटंटे मिळाली आणि १६ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने व्याख्यान दिले. दोघांमध्ये दोन महिन्यांचे अंतर.

१८८८ चा मार्च आणि १९८८ चा मार्च. तुरिनच्या त्या सभेला बरोबर शंभर वर्षे होत असताना मी तासगावच्या पत्र्याच्या खोलीत अण्णांची मोटर चुकीची पाहत उभा होतो. योगायोगाला अर्थ नसतो हे मला कळते, पण ही तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

फेरारिस यांनी एक हिशेब चुकीचा केला, हेही सांगायला हवे. अशा मोटरीची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या वर जाणार नाही, म्हणून मोठ्या कामाला तिचा उपयोग नाही, असे त्यांचे मत झाले. पुढे बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की याने तीन फेजची मोटर बनवून हा अंदाज खोटा ठरवला. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारे १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली गेली, ती तीन फेजचीच.

तीन फेजच्या मोटरीत दिशा बदलणे सोपे असते. तीन तारांपैकी कुठल्याही दोन बदलल्या की क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते. इचलकरंजीच्या मागवाल्याला किंवा गिरणीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. घरातल्या दोन तारांच्या विजेवर मात्र ही युक्ती चालत नाही.

*

टेस्लाची मोटर वेस्टिंगहाउसने विकत घेतली तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत दिव्यांसाठी दोनच तारा गेलेल्या होत्या. त्या काढून नव्या तारा टाकणे कुणाला परवडणारे नव्हते. म्हणजे दोन तारांवर चालणारी मोटर हवी होती. आपल्या घरातले पंखे, घरघंटी आणि आडावरचे पंप याच जुन्या अडचणीचे वंशज आहेत.

अडचण काय होती? एकाच वेटोळ्यात प्रत्यावर्ती प्रवाह सोडला तर चुंबकत्व फिरत नाही. ते एकाच रेषेत वाढते, शून्यावर येते, उलट बाजूने वाढते आणि पुन्हा शून्यावर येते. आपल्याकडच्या पन्नास आवर्तनांच्या विजेत हे सेकंदाला शंभर वेळा बाजू बदलते. रोटर गुंऽऽ करत जागीच थरथरतो. रिवायंडिंगवाल्याच्या कानाला हा आवाज ओळखीचा असतो. स्टार्टिंग गेले, हे तो दारातूनच सांगतो.

टेस्लाने ८ डिसेंबर १८८८ रोजी यावरच्या उपायासाठी अर्ज केला आणि २६ डिसेंबर १८९३ रोजी त्याला पेटंटे मिळाली. उपाय असा. एकाच विजेला दोन वाटा द्यायच्या. एका वाटेवर जाड तारेचे, अधिक वेढ्यांचे वेटोळे. त्यातला प्रवाह मागे रेंगाळतो. दुसऱ्या वाटेवर बारीक तारेचे, कमी वेढ्यांचे वेटोळे. त्यातला प्रवाह तितका मागे राहत नाही. दोन प्रवाह आगेमागे झाले की चुंबकत्व सरकू लागते. आपण पहिल्याला रनिंग म्हणतो आणि दुसऱ्याला स्टार्टिंग. या पेटंटांवरून अमेरिकेत अनेक वर्षे खटले चालले. एक तर पंखे बनवणाऱ्या कंपनीवरच होता. प्रतिपक्षाचा मुद्दा असा, की फेरारिस यांचा निबंध टेस्लाच्या या अर्जाच्या आधीच छापून आला होता.

टेस्लाचे चाहते आणि फेरारिस यांचे चाहते अजून भांडतात. मला त्यात फारसा रस उरलेला नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते फेरारिस यांचे नंतरचे, फारसे न गाजलेले काम.

*

१८९३-९४ च्या सुमारास फेरारिस यांनी दाखवले, की एकाच रेषेत पुढेमागे होणारी राशी म्हणजे एकमेकींच्या विरुद्ध दिशांना सारख्याच वेगाने फिरणाऱ्या दोन राशींची बेरीज असते, प्रत्येकी निम्म्या ताकदीची. याचा अर्थ, एका वेटोळ्याच्या मोटरीत चुंबकत्व फिरत नाही असे म्हणणे अपुरे आहे. ते दोन्ही बाजूंना फिरत असते. रोटर उभा आहे तोवर दोन्ही ओढी सारख्या, म्हणून तो जागीच. पण तो एका बाजूला थोडा जरी फिरला, तरी त्या बाजूची ओढ वरचढ होते आणि तो तिकडेच वेग घेत जातो.

हे वाचताना मला दुकानातली सुतळी आठवली. स्टार्टिंग जळलेली मोटर तपासायला आली, की मामा कधी कधी शाफ्टला सुतळीचे चार वेढे देत, बटण दाबायला सांगत आणि सुतळी ओढत. मोटर धडधडीत चालू होई. मग बंद करून वेढे उलटे देत आणि ओढत. ती तितक्याच गुमानपणे उलटी चाले. तेव्हा मला ती गंमत वाटे. फेरारिस यांनी कागदावर जे सिद्ध केले ते मामा सुतळीने दाखवत होते, आणि दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. मोटरीला दिशा नसते, हे मामांचे वाक्य अनुभवाचे होते. गणितानेही ते खरे आहे. फक्त गणित म्हणते, तिला दोन दिशा असतात आणि पहिला धक्का कुणाचा यावर निवड होते.

स्टार्टिंगचे वेटोळे म्हणजे ही सुतळी. त्यातला प्रवाह आधी शिगेला पोचतो, रनिंगमधला नंतर. चुंबकत्व स्टार्टिंगच्या ध्रुवाकडून शेजारच्या रनिंगच्या सारख्याच ध्रुवाकडे सरकते. आता स्टार्टिंगची दोन टोके अदलाबदल केली, तर जिथे उत्तर ध्रुव होता तिथे दक्षिण येतो. रनिंगचा शेजारी बदलतो आणि मोटर उलटी फिरते. स्टार्टिंगऐवजी रनिंगची टोके बदलली तरी तेच. पण दोन्हींची बदलली तर काहीच होत नाही, कारण दोघांचे नाते तसेच राहते. प्लगच्या पिना उलट्या घालून मोटर उलटी फिरेल, असे अनेकांना वाटते. ती फिरत नाही, याचेही कारण हेच. वेग सुमारे तीन चतुर्थांशावर पोचला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच स्टार्टिंग तोडून टाकतो. म्हणून चालत्या मोटरीत टोके बदलूनही उपयोग नाही, ती थांबवावी लागते.

पुढे स्टार्टिंगच्या वाटेवर कंडेन्सर आला. त्याची कल्पना जुनी असली, तरी स्वस्त आणि आटोपशीर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर १९२० नंतर मिळू लागले तेव्हा ती घरोघर पोचली. दोन प्रवाहांतले अंतर त्याने जवळजवळ पाव आवर्तनाचे होते आणि मोटर जोरात उचलते. कपडे धुण्याच्या यंत्रात तर दोन्ही वेटोळी सारखीच असतात. वीज कंडेन्सरच्या या टोकाला द्यायची की त्या टोकाला, एवढ्याने कुठले वेटोळे पुढे आणि कुठले मागे ते ठरते. टायमर दर थोड्या वेळाने हेच करतो आणि कपडे एकदा असे, एकदा तसे घुसळले जातात. याउलट लहान पंख्यांतली शेडेड पोल मोटर. तिच्या ध्रुवाच्या एका कोपऱ्यात तांब्याची कडी कायमची बसवलेली असते आणि चुंबकत्व नेहमी त्या कडीकडेच सरकते. तिला तारा बदलून उलटवता येत नाही. खोलून गाभा उलट बाजूने बसवावा लागतो.

*

आता माझी चूक. अनेक वर्षांनी माझ्या हाती मोटरींच्या मानकांचे दोन उतारे आले. अमेरिकेतल्या विद्युत उत्पादकांच्या संघटनेचे, म्हणजे नेमाचे, मानक सांगत होते, की सिंगल फेज मोटरीची प्रमाण दिशा घड्याळाच्या उलट. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकाप्रमाणे टर्मिनले क्रमाने जोडली की दिशा घड्याळाप्रमाणे. दोन मोठ्या संस्था एकमेकींच्या उलट कशा बोलतील, म्हणून मी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. नेमा मोटर पाहते शाफ्टच्या विरुद्ध टोकाकडून. आयोग पाहतो शाफ्टच्या टोकाकडून. म्हणजे दोन्ही एकच दिशा सांगत होते, फक्त उभे राहण्याची जागा वेगळी होती.

त्या मार्चमध्ये बाकाच्या शाफ्टकडच्या बाजूला वार्निशचा डबा ठेवलेला होता. मी पंख्याच्या जाळीकडून पाहत होतो. मला घड्याळासारखी दिसलेली मोटर पंपाकडून पाहिली तर उलटी होती. मामा "घड्याळासारखी" म्हणाले तेव्हा "शाफ्टकडून" हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, कारण त्यांच्यासाठी मोटरीला तोंड एकच होते. मला ते कुणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

पंपानेही फसवले. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरवला तर पाणी विहिरीत परत जाईल, असे वाटते. तसे होत नाही. पाणी वरच येते, पण थोडे आणि बिनजोराचे, कारण आतल्या चक्राची वक्र पाती एकाच दिशेसाठी घडवलेली असतात. पाणी अजिबात आले नसते तर अण्णांनी त्याच दिवशी मोटर परत आणली असती. थोडे आले, म्हणून त्यांनी आडाला दोष दिला. पंपाच्या अंगावर दिशेचा बाण ओतलेला होता, पण रंगाच्या पुटांखाली तो दिसेनासा झाला होता. आमच्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, शेतीची अवजारे आणि पंप करणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. या मुलखातल्या मुलाला बाण शोधण्याची बुद्धी होऊ नये, याची लाज मला अजून वाटते.

फेरारिस १८९७ मध्ये गेले. मामा जाऊनही आता बारा वर्षे झाली. एकाचे निबंध छापलेले आहेत, दुसऱ्याच्या मागे एक वही आहे. लाल कापडी पाठीची, वार्निशच्या डागांची. प्रत्येक मोटरीच्या खाचा, वेढे, तारेचा गेज आणि जोडणीची आकृती तिच्यात पेन्सिलीने आहे. एवढे बारीक ज्ञान आपल्या गावोगावच्या रिवायंडिंगच्या दुकानांत साठलेले आहे आणि दुकान बंद झाले की ते रद्दीत जाते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या वह्या गोळा कराव्यात, ही माझी विनंती आहे. मी आतापर्यंत अकरा जमवल्या आहेत.

मामांच्या वहीत १९८८ च्या मार्चच्या पानांनंतर प्रत्येक आकृतीशेजारी एक नवी खूण दिसू लागते. शाफ्टचे छोटे वर्तुळ, त्यावर बाण आणि बाजूला "इकडून". त्याआधीच्या पानांवर ती कुठेही नाही. आणि जिथून ती सुरू होते त्या पानावर त्यांच्या अक्षरात नोंद आहे: अण्णा, १ हॉ. पॉ., स्टार्टिंगची टोके बदलली, मजुरी घ्यायची नाही.